स्तुती : मागण्यापलीकडची प्रार्थना

बोनकोडे परिसरातील आपणां भाविकांच्या प्रार्थनेत मागणेच अधिक असते : नोकरी, आरोग्य, मुलांचे शिक्षण. मिळाले की आपण आभार मानतो. स्तुती मात्र याहून निराळी. देवाने काही दिले म्हणून नव्हे, तर तो देव आहे म्हणून आपण त्याचा गौरव करतो. फादर थॉमस स्टीफन्स यांनीही १६१६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मराठी ‘ख्रिस्तपुराणा’चा आरंभ देवाला नमन करूनच केला.

प्रायश्चित्तकाळात ‘आलेलुया’ म्हणजेच ‘याव्हेची स्तुती करा’ हा घोष थांबतो. ‘पवित्र, पवित्र, पवित्र’ हे स्तवन मात्र अंत्यविधीच्या मिस्साबलिदानातही असते. आप्ताच्या शवपेटीसमोर ते उच्चारताना आपण दुःख नाकारीत नाही. देव तेव्हाही देवच आहे, असे कबूल करतो. आजच्या कौटुंबिक प्रार्थनेचा आरंभ आपण स्तुतीने करू या.