विरह प्रकाशवर्षांचा

नंदुरबार, प्रतिनिधी – दिवाळी सरली की सातपुड्यातील पाड्यांवरून माणसे खाली उतरू लागतात. ऊसतोडीसाठी, मजुरीसाठी कुणी गुजरातेत जाते, कुणी पश्चिम महाराष्ट्रात. घरात म्हातारीकोतारी उरतात आणि कधी कधी नुकतीच लग्न होऊन आलेली सूनही. गेलेला माणूस कधी परतणार, हे कुठल्याही कागदावर लिहिलेले नसते. तरी ते सर्वांना ठाऊक असते. होळीला. अक्कलकुवा तालुक्यातील काठीची राजवाडी होळी पेटण्याआधी, भोंगऱ्याचा बाजार भरण्याआधी घरचे माणूस घरी आले पाहिजे, हा या डोंगरातला अलिखित करार आहे.

या वाट पाहण्याचा आणि अंतराळयानात घडणाऱ्या प्रेमकथांचा संबंध काय, असा प्रश्न साहजिकच पडेल. परंतु जगभरात गेली काही दशके आवडीने वाचल्या आणि पाहिल्या जाणाऱ्या या कथांची चकाकती यंत्रसामग्री बाजूला सारली, तर तळाशी तीनच गोष्टी हाती लागतात : गेलेले माणूस, मागे राहिलेले माणूस आणि परतीची खूण. अशा कथांची ओढ कशामुळे वाटते, याचे उत्तर याच तीन गोष्टींत दडलेले आहे.

अडथळा कुठे शोधायचा?

प्रेमकथेला अडथळा लागतो. तो नसेल तर दुसऱ्याच प्रकरणात लग्न लागते आणि कथा संपते. कालिदासाने ‘मेघदूता’त यक्षाला एक वर्षाचा शाप देऊन प्रियेपासून दूर ठेवले, म्हणून तर त्याला मेघाकडून निरोप पाठवावा लागला. पुढच्या काळातील लेखकांना युद्धे, समुद्रप्रवास, हरवलेली पत्रे आणि उशिरा पोहोचलेल्या तारा कामी आल्या. आता मात्र खिशातल्या मोबाइलने यांतील बहुतेक साधने निकामी केली आहेत. अमेरिकेत गेलेला मुलगा रोज संध्याकाळी पडद्यावर दिसतो. विरह संपला असे नाही; त्याचे जुने रूप मात्र संपले.

अंतराळाने लेखकांना ते रूप परत मिळवून दिले. निरोप कितीही घाईचा असला तरी तो प्रकाशापेक्षा वेगाने जाऊ शकत नाही, हा निसर्गाचा नियम आहे. चंद्रावरच्या माणसाशी बोलताना शब्द पोहोचायला सव्वा सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. मंगळाच्या बाबतीत हाच वेळ ग्रहांच्या स्थितीनुसार सुमारे तीन ते बावीस मिनिटांचा होतो. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा प्रॉक्झिमा सेंटॉरी ४.२४ प्रकाशवर्षे दूर आहे. तिथून ‘कशी आहेस?’ असे विचारले, तर उत्तर यायला साडेआठ वर्षे लागतील. येथे खलनायक नाही, कुणाचा विरोध नाही, लाच देऊन किंवा रडून हा अडथळा हलवता येत नाही.

जपानी दिग्दर्शक माकोतो शिंकाई यांनी २००२ मध्ये जवळजवळ एकट्याने तयार केलेला ‘व्हॉइसेस ऑफ ए डिस्टंट स्टार’ हा सुमारे पंचवीस मिनिटांचा चलत्चित्रपट या नियमावरच उभा आहे. शाळकरी मुलगी अंतराळ मोहिमेवर जाते आणि पृथ्वीवरच्या मित्राला मोबाइलवरून संदेश पाठवत राहते. ती जसजशी दूर जाते, तसतसे संदेश उशिरा पोहोचू लागतात; शेवटचा संदेश तर आठ वर्षांहून अधिक काळ वाटेत असतो. ज्या उपकरणाने विरह संपवला असे आपण मानतो, तेच उपकरण येथे विरहाचे माप बनते.

घड्याळे वेगळी चालतात तेव्हा

अंतराइतकाच महत्त्वाचा अडथळा काळाचा. आइनस्टाइन यांनी १९०५ मध्ये मांडलेल्या विशिष्ट सापेक्षता सिद्धांतानुसार अतिवेगाने जाणाऱ्याचे घड्याळ मागे राहिलेल्याच्या घड्याळापेक्षा सावकाश चालते. प्रकाशाच्या ९९.५ टक्के वेगाने एखादी स्त्री प्रॉक्झिमापर्यंत जाऊन आली, तर पृथ्वीवर वाट पाहणाऱ्याची साडेआठ वर्षे उलटतील आणि तिचे स्वतःचे जेमतेम दहा महिने. वेग वाढवण्यात आणि कमी करण्यात जाणारा काळ येथे सोडून दिला आहे. असा वेग आजच्या कोणत्याही यानाच्या आवाक्यात नाही; पण लेखकाला एवढा आधार पुरतो. परतल्यावर दोघे एकमेकांना ओळखतील का, हा प्रश्न मग नुसता भावनेचा राहत नाही, तो गणिताचाही होतो. २०१४ च्या ‘इंटरस्टेलर’ चित्रपटात एका ग्रहावरचा एक तास पृथ्वीवरच्या सात वर्षांइतका असतो. तेथून यानावर परतलेला बाप मुलांचे तेवीस वर्षांचे साठलेले निरोप एकामागून एक ऐकतो, तो प्रसंग प्रेक्षकांना हेलावून गेला तो यामुळेच.

भारतीय वाचकाला ही कल्पना अगदीच अनोळखी नाही. विष्णुपुराणातील रैवत ककुद्मी राजा आपली कन्या रेवती हिच्यासाठी वर सुचवा, असे विचारायला ब्रह्मलोकी गेला. तेथे गंधर्वांचे गायन चालू होते, म्हणून तो थांबला. गाणे संपले तेव्हा पृथ्वीवर युगे लोटली होती आणि त्याच्या मनातल्या साऱ्या वरांचे वंशही उरले नव्हते. शेवटी रेवतीचा विवाह बलरामाशी झाला. पुराणकाराला सापेक्षता ठाऊक होती, असा याचा अर्थ काढण्याचे कारण नाही. दूर गेलेल्याचा काळ आणि मागे राहिलेल्याचा काळ सारखा नसतो, हा अनुभव मात्र माणसाला फार जुना आहे. परदेशातून दहा वर्षांनी गावी आलेल्या माणसालाही तो येतो.

परका आणि आपला

दुसरे आकर्षण आहे ते समाजाची मांडणी पुन्हा नव्याने करून पाहण्याचे. पृथ्वीवरच्या प्रेमकथेत जात, घराणे, हुंडा, गावकी हे सारे आधीच ठरलेले असते. परग्रहावरच्या कथेत लेखकाला ते नव्याने ठरवावे लागते आणि त्यामुळेच ते वाचकाला स्पष्ट दिसते. लुइस मॅकमास्टर बुजोल्ड यांच्या १९८६ मधील ‘शार्ड्स ऑफ ऑनर’ या कादंबरीची नायिका कॉर्डेलिया ही संशोधन यानाची कप्तान आहे, तर नायक शत्रुग्रहाचा सरदार. दोन समाजांच्या रीतींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. आपल्याकडे ज्याला ‘बाहेरचा’ म्हणून उंबऱ्याबाहेर ठेवले जाते, त्याच्याविषयीचा प्रश्न वाचक येथे पूर्वग्रह जागे न होता वाचतो. स्त्री यान चालवते, निर्णय घेते आणि पुरुष वाट पाहतो, हा बदलही या कथांनी सहज अंगवळणी पाडला.

तरीही ही कथा केवळ स्वप्नरंजन करते असे नाही. २०१६ च्या ‘पॅसेंजर्स’ चित्रपटात १२० वर्षांच्या प्रवासाला निघालेल्या यानातील एक प्रवासी दीर्घ निद्रेतून नव्वद वर्षे आधीच जागा होतो. एकटेपणा असह्य झाल्यावर तो एका तरुणीला मुद्दाम जागे करतो. म्हणजेच तिचे उरलेले आयुष्य तिला न विचारता स्वतःच्या आयुष्याला बांधून टाकतो. याला प्रेम म्हणावे का, यावर चित्रपट प्रदर्शित झाल्यावर बराच वाद झाला. जिथे लग्ने पुष्कळदा मुलीला न विचारता ठरत आली, त्या समाजातील वाचकाला हा प्रश्न परग्रहावरचा वाटणार नाही.

प्रत्यक्षातले अंतराळ

वास्तव तरी कल्पनेपासून किती दूर आहे? १० ऑगस्ट २००३ रोजी रशियाचे अंतराळवीर युरी मालेन्चेन्को यांनी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातून विवाह केला. वर सुमारे चारशे किलोमीटर उंचीवर, वधू अमेरिकेतील टेक्सास राज्यात. सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर जून २०२४ मध्ये सुमारे आठ दिवसांसाठी म्हणून गेले आणि २८६ दिवसांनी, मार्च २०२५ मध्ये परतले. तेवढे महिने त्यांच्या घरी कुणीतरी परतीची तारीख पुढे ढकलली जाताना पाहत होते.

अंतराळातील प्रेमाची सर्वांत दूरवर गेलेली खूण तर एका तबकडीवर आहे. ‘नासा’ने १९७७ मध्ये सोडलेल्या दोन व्हॉयेजर यानांवर पृथ्वीचे आवाज नोंदवलेल्या सोनेरी तबकड्या आहेत. त्यांची निर्मिती चालू असतानाच कार्ल सेगन आणि अॅन ड्रुयान यांनी दूरध्वनीवर बोलता बोलता लग्नाचा निर्णय घेतला. त्यानंतर दोनच दिवसांनी ड्रुयान यांच्या मेंदूच्या आणि हृदयाच्या स्पंदनांची नोंद घेण्यात आली. नुकत्याच प्रेमात पडलेल्या स्त्रीची ती स्पंदने तबकडीवर कोरली गेली.

याच तबकडीवर पंचावन्न भाषांतील अभिवादनांत मराठीतही शुभेच्छा आहेत, आणि गोव्यातील केरी गावी जन्मलेल्या केसरबाई केरकर यांनी गायिलेली ‘जात कहां हो’ ही भैरवी आहे. निघालेल्याला ‘कुठे चाललात’ असे विचारणारे हे गाणे दूर जाण्यासाठीच तयार केलेल्या यानावर असावे, हा योग विलक्षण म्हणावा लागेल. व्हॉयेजर-१ चे उड्डाण ५ सप्टेंबर १९७७ रोजी झाले आणि १६ सप्टेंबर रोजी केसरबाईंचे निधन झाले. ते यान आता सुमारे अडीच हजार कोटी किलोमीटर दूर आहे आणि त्याचा संकेत पृथ्वीवर यायला जवळजवळ एक दिवस लागतो.

मराठीचे देणे

मराठी मनाला आकाशातील प्रेमाचे वावडे नाही. कुसुमाग्रजांचे ‘पृथ्वीचे प्रेमगीत’ ही मराठीतील सर्वांत लाडक्या प्रेमकवितांपैकी एक. तिची नायिका पृथ्वी आणि प्रियकर सूर्य. जवळच्या क्षुद्र प्रेमापेक्षा या तेजस्वी प्रियकराचा दुरावा तिला मोलाचा वाटतो. ‘विशाखा’ हा संग्रह १९४२ चा. म्हणजे पहिला मानवनिर्मित उपग्रह अवकाशात जाण्याआधी पंधरा वर्षे.

विज्ञानकथेच्या बाबतीत मात्र मराठीची वाट वेगळी पडली. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने आलेल्या ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. लेखक होते डॉ. जयंत नारळीकर. नावाची आद्याक्षरे उलटी करून त्यांनी टोपणनाव घेतले होते. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंनी लिहून काढली होती. नारळीकर, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे यांनी हा प्रवाह समृद्ध केला. नारळीकर यांना २०२१ मध्ये नाशिकच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद मिळाले. मे २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले.

या पिढीपुढे विज्ञान मराठीतून सांगण्याचे मोठे काम होते. अंधश्रद्धेशी झुंजायचे होते, संकल्पना अचूक ठेवायच्या होत्या. त्यामुळे कथेच्या केंद्रस्थानी बहुधा वैज्ञानिक कल्पना आणि तिचे सामाजिक परिणाम राहिले. नायक-नायिकेचे मन कडेला गेले. दुसरीकडे प्रेमकथा लिहिणाऱ्यांनी विज्ञानाकडे पाठ फिरवली. आजच्या तरुण वाचकाला विरहाचा आणि प्रकाशाच्या वेगाचा एकत्र अनुभव घ्यायचा असेल, तर तो बहुतेक वेळा इंग्रजी पुस्तकात किंवा जपानी चित्रपटात घ्यावा लागतो. तो घेताना हा विषय आपल्या भाषेचा नव्हेच, असा त्याचा समज होतो. नुकसान आहे ते येथे. विज्ञान ज्या भाषेत फक्त पाठ करायचे असते आणि प्रेम ज्या भाषेत फक्त जुन्या रीतीने करायचे असते, त्या भाषेत भविष्याची कल्पना करण्याची सवय राहत नाही.

धडगाव-अक्कलकुव्याच्या दुर्गम पाड्यांवर आजही मोबाइलची रेंज सर्वत्र मिळत नाही. दूर गेलेल्या माणसाशी दोन शब्द बोलण्यासाठी कुणी उंच टेकडीवर चढते आणि फोन हातात धरून उभे राहते. शिंकाईंच्या चित्रपटातील मुलगा पृथ्वीवर असाच उभा असतो. त्याची आठ वर्षे आणि टेकडीवरच्या माणसाचे चार महिने यांची बरोबरी होणार नाही. पण निरोप आला का, हे पाहणारी नजर एकच आहे. प्रकाशवर्षांच्या विरहाची मराठी कथा कुणी लिहायला घेतली, तर तिच्यातले यान हव्या त्या ताऱ्याकडे जावो. पृथ्वीवर वाट पाहणारे माणूस सातपुड्यातले असू शकते आणि परतीची खूण होळीची.