काचबिंदूची गोळी आणि न्यूट्रॉनचा झोत

डोळा एकाएकी लाल होऊन ठणकू लागला, दिव्याभोवती रंगीत वलये दिसू लागली आणि सोबत उलट्या सुरू झाल्या, तर तो काचबिंदूचा तीव्र झटका असू शकतो. अशा वेळी डोळ्यातील दाब उतरविण्यासाठी डॉक्टर बहुधा अ‍ॅसिटाझोलामाइड हे औषध देतात. १९५० च्या दशकापासून ते वापरात आहे. मात्र शरीरातील प्रथिनाला ते नेमके कसे धरून बसते, हे हायड्रोजनच्या अणूपर्यंत दिसले ते २०१२ साली. हे कसे घडले, ते आज समजून घेऊ.

डोळ्याच्या पुढील भागात एक पातळ द्रव सतत तयार होतो आणि सतत बाहेर झिरपतो. निचरा अडला की दाब वाढतो व दृष्टीची नस हळूहळू सुकत जाते. हा द्रव तयार होण्यास कार्बोनिक अनहायड्रेज नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम, मदत करते. या प्रथिनाच्या पोटात जस्ताचा एक अणू असतो. औषध तेथे जाऊन बसते, विकराचे काम थांबते आणि दाब उतरतो.

प्रथिनाची रचना पाहण्यासाठी त्याचे खडीसाखरेसारखे, पण अगदी बारीक स्फटिक तयार करतात. त्यांवर क्ष-किरण सोडले की ते ठरावीक दिशांना विखुरतात. त्या ठिपक्यांवरून गणित करून अणूंच्या जागा काढता येतात. अडचण एकच. क्ष-किरण इलेक्ट्रॉनांवरून विखुरतात आणि हायड्रोजनजवळ इलेक्ट्रॉन असतो एकच. त्यामुळे तो जवळजवळ दिसतच नाही. प्रथिनातील सुमारे निम्मे अणू हायड्रोजनचे असतात, आणि औषधाला जागेवर धरून ठेवण्यात त्यांचा मोठा वाटा असतो.

येथे न्यूट्रॉन कामास येतो. तो अणूच्या केंद्रावरून विखुरतो, म्हणून त्याच्या नजरेतून हायड्रोजन सुटत नाही. स्फटिक जड पाण्यात ठेवला, तर त्यातील काही हायड्रोजनची जागा जड हायड्रोजन घेतो आणि तो न्यूट्रॉनला कार्बनइतकाच ठळक दिसतो. अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये याच रीतीने दाखविले की, औषधाच्या टोकावरील नायट्रोजन आपला एक हायड्रोजन सोडून देतो व मग जस्ताला चिकटतो. कुलपात किल्ली कशी बसते हे असे कळले, तर अधिक नेमकी औषधे घडविणे सोपे जाते.

या शास्त्राचा पाया घालण्यात आपल्या महाराष्ट्राचाही वाटा आहे. मुंबईजवळ तुर्भे येथे १९६० मध्ये सायरस अणुभट्टी सुरू झाली. तेथील न्यूट्रॉन झोतावर डॉ. आर. चिदंबरम व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमिनो आम्लांच्या, म्हणजे प्रथिने ज्या विटांनी बांधली जातात त्यांच्या, स्फटिकांचा अभ्यास केला. हेच चिदंबरम पुढे अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले. सायरस २०१० अखेर कायमची बंद झाली. १९८५ मध्ये सुरू झालेल्या ध्रुव अणुभट्टीवरही न्यूट्रॉन संशोधनाची उपकरणे बसविलेली आहेत. औंढा नागनाथजवळच्या लायगो प्रकल्पामुळे हिंगोलीकरांना अणुऊर्जा खात्याचे नाव परिचयाचे झाले आहे. तुर्भ्याचे हे केंद्रही त्याच खात्याचे.

न्यूट्रॉनचा झोत क्ष-किरणांच्या मानाने फार क्षीण असतो. त्यासाठी मोठा स्फटिक लागतो आणि मोजणीस कित्येक दिवस जातात. तेव्हा ही रुग्णाची तपासणी नव्हे, प्रयोगशाळेतील अभ्यास आहे, हे ध्यानात ठेवावे.

वाचकांनी लक्षात ठेवण्याच्या गोष्टी अशा. अ‍ॅसिटाझोलामाइडने हातापायांना मुंग्या येणे, वारंवार लघवीस होणे असे त्रास होऊ शकतात. सल्फाच्या औषधांची अ‍ॅलर्जी, मुतखडा, मूत्रपिंडाचा वा यकृताचा विकार असल्यास, तसेच गरोदरपणी, डॉक्टरांना आधी सांगावे. गोळी स्वतःहून सुरू वा बंद करू नये. वयाची चाळिशी उलटलेल्यांनी, विशेषतः घरात कोणाला काचबिंदू असल्यास, डोळ्यांचा दाब व नस तपासून घ्यावी. मोतीबिंदूत शस्त्रक्रियेने नजर परत मिळू शकते. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. उरलेली मात्र वेळीच उपचार घेतल्यास जपता येते.