सिग्नल बंद करणारी गोळी

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या पीटर नॉवेल यांनी ल्युकेमियाच्या पेशी चक्क नळाच्या पाण्याने धुतल्या आणि फुगलेल्या पेशींतली गुणसूत्रं सुटी सुटी दिसू लागली. १९६० मध्ये त्यांनी आणि डेव्हिड हंगरफर्ड यांनी क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे सीएमएलच्या रुग्णांत आढळलेल्या आखूड गुणसूत्राची नोंद केली. शहरावरून त्याला फिलाडेल्फिया गुणसूत्र म्हणू लागले. त्याचा उरलेला तुकडा गेला कुठे, हे कळायला १९७३ साल उजाडलं. शिकागोच्या जॅनेट राउली घरी जेवणाच्या टेबलावर गुणसूत्रांचे फोटो कापून जुळवत बसायच्या. मुलं चेष्टा करायची. राउलींना दिसलं, की ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांनी तुकड्यांची अदलाबदल केली आहे.

या अदलाबदलीत बीसीआर आणि एबीएल ही जनुकं जोडली जातात. एबीएलपासून बनणारं प्रथिन हे एक किनेज. एटीपी या पेशीतल्या ऊर्जावाहक रेणूकडून फॉस्फेट घेऊन ते दुसऱ्या प्रथिनांना चिकटवायचं, हे त्याचं काम; पेशीला वाढीचे निरोप असेच पोचतात. एरवी ते गरजेपुरतं चालू होतं. जोडजनुकाचं प्रथिन मात्र दाबलेलं बटण अडकून बसलेल्या बेलसारखं अखंड वाजत राहतं आणि पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात.

कर्करोगतज्ज्ञ ब्रायन ड्रुकर आणि बाझेलच्या सिबा-गायगी कंपनीतले निकोलस लायडन यांनी एटीपीची जागाच अडवणारा रेणू निवडला. शंका रास्त होती: माणसाच्या शरीरात पाचशेहून अधिक किनेज, सगळी एटीपीवर चालणारी. नेमकं एकच कसं अडवणार? १९९८ मध्ये रुग्णांवर चाचण्या सुरू झाल्या. रोगाच्या जुनाट टप्प्यातल्या, पुरेशी मात्रा मिळालेल्या ५४ रुग्णांपैकी ५३ जणांचं रक्तचित्र पूर्ववत झालं. मे २००१ मध्ये अमेरिकेत या रेणूला, म्हणजे इमॅटिनिबला, मंजुरी मिळाली.

पण हे औषध मुख्यतः सिग्नल अडवतं. रोगाच्या मूळ पेशी बहुधा शिल्लक राहतात, म्हणून गोळी रोज, वर्षानुवर्षं. इथे विज्ञानाची गोष्ट थेट पैशांपाशी येते. पेटंटचा वाद चालू असताना भारतात ग्लिव्हेकचा, म्हणजे नोव्हार्टिस कंपनीच्या इमॅटिनिबचा, महिन्याचा खर्च सुमारे १.२ लाख रुपये होता, देशी जेनेरिकचा आठ-दहा हजार. कंपनी अनेकांना ते फुकट देत होती, हेही खरं. पण आयुष्यभराचं औषध कुणाच्या औदार्यावर सोपवणं मला पटत नाही. मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने पेटंटला विरोध केला. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते नाकारलं: ज्ञात औषधाच्या नव्या स्फटिकरूपाने उपचाराची परिणामकारकता वाढते, हे पेटंट कायद्याच्या कलम ३(ड)नुसार सिद्ध झालं नव्हतं. 

पेशीही डाव टाकते. बीसीआर-एबीएलमधल्या टी३१५आय या जनुकीय बदलाने इमॅटिनिबची पकड सुटते. त्यावर पोनॅटिनिब हे दुसरं औषध चालतं. गोळी कायमची थांबवता येईल का, हे फ्रान्समधल्या चाचणीत १०० रुग्णांवर पाहिलं गेलं. किमान दोन वर्षं रोगाचा मागमूस नसलेल्या या रुग्णांपैकी सुमारे ४० टक्के औषधाविना टिकले. रोग उलटलेल्यांपैकी बहुतेकांना पुन्हा त्याच गोळीने आराम पडला. अट एकच: बीसीआर-एबीएलची पीसीआर तपासणी सुरुवातीला दरमहा, न चुकवता.