पडद्यामागचे दोन कारागीर

बंगळूरहून होसूरच्या रस्त्याला लागले की आनेकल तालुका सुरू होतो. बोम्मसंद्र, जिगणी, अत्तिबेले ही औद्योगिक क्षेत्रे याच तालुक्यातली, आणि इलेक्ट्रॉनिक्स सिटी त्यांना लागूनच. ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेली मेट्रोची पिवळी मार्गिका आर. व्ही. रोडवरून निघते ती बोम्मसंद्रलाच येऊन थांबते. या परिसरातील लहान कारखान्यांत यंत्राचा सुटा भाग लेथवर चढण्यापूर्वी संगणकाच्या पडद्यावर आकारास येतो. त्यासाठी लागणारा संगणक साधा नसतो. त्यातील ग्राफिक्स कार्डाची किंमतच कित्येकदा उर्वरित संगणकाइतकी भरते आणि खरेदी बहुधा कर्जातून होते. एवढा खर्च करूनही चित्र फिरवताना पडदा अडखळत असेल, तर दोष कार्डातच असेल असे नाही. ते कार्ड कामालाच लागलेले नाही, असेही असू शकते.

आजच्या अनेक संगणकांत चित्र रेखाटणारे कारागीर दोन असतात. पहिला प्रोसेसरच्या पोटातच राहतो. त्याला स्वतःची स्मृती नसते. संगणकाच्या मुख्य स्मृतीतूनच तो आपला वाटा उचलतो. बँकेच्या भाषेत सांगायचे तर हे संयुक्त खाते होय. दुसरा कारागीर म्हणजे स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड. त्याचे खाते वेगळे, स्मृती स्वतःची आणि वेगवान, पंखाही स्वतःचा. मात्र त्याची विजेची भूकही तशीच मोठी.

इंटेलने १९९९ मध्ये ८१० या चिपसेटमध्ये ग्राफिक्सची सोय केली, तेव्हा हा पहिला कारागीर मदरबोर्डवर होता. जानेवारी २०११ मध्ये सँडी ब्रिज प्रोसेसर आले आणि तो प्रोसेसरच्याच चकतीवर जाऊन बसला. जुन्या संगणकांत वेगळे कार्ड बसविले की मदरबोर्डवरील ग्राफिक्स सहसा आपोआप बंद होत असे. घरातला माणूस असा रिकामा बसलेला पाहून दोघांचे बळ एकत्र करण्याची कल्पना पुढे आली. २००८ मध्ये एएमडीने ‘हायब्रिड क्रॉसफायरएक्स’ आणि एनव्हिडियाने ‘हायब्रिड एसएलआय’ या नावांनी तो प्रयोग केला. जोडी जमली ती केवळ स्वस्त, बेताच्या शक्तीच्या कार्डांशी. बलवान कार्डाशेजारी दुबळा जोडीदार दिला, तर बलवानालाच त्याच्यासाठी थांबावे लागते. ही बेरीज फार काळ टिकली नाही, यात नवल नाही.

बेरीज फसली, पण कामाची वाटणी यशस्वी ठरली. २००६ च्या सोनी वायो एसझेड या लॅपटॉपवर दोन ग्राफिक्समधून निवड करण्यासाठी एक खटका होता. तो बदलला की संगणक पुन्हा सुरू करावा लागे. एवढी यातायात रोज कोण करणार? फेब्रुवारी २०१० मध्ये एनव्हिडियाने ‘ऑप्टिमस’ आणले आणि खटक्याची गरज संपली. या पद्धतीत पडदा कायम प्रोसेसरमधील ग्राफिक्सला जोडलेला असतो. पत्रे, हिशेब, ई-मेल ही कामे तोच उरकतो आणि स्वतंत्र कार्ड झोपी जाते. त्रिमितीय आराखडा उघडला की कार्ड जागे होते, चित्र तयार करते आणि त्याची प्रत मुख्य स्मृतीत ठेवते; तेथून पहिला कारागीर ते पडद्यावर मांडतो. या हस्तांतरात थोडा वेग खर्ची पडतो हे खरे. म्हणूनच काही महागड्या लॅपटॉपमध्ये पडदा थेट कार्डाला जोडून देणारा ‘मक्स स्विच’ दिलेला असतो.

कोणते काम कोणाकडे द्यावे याचा निर्णय संगणक स्वतः घेतो, आणि चुकतो तो येथेच. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले आणि मग ग्राफिक्स अशा क्रमाने गेल्यास प्रत्येक प्रोग्रामसाठी आपली निवड ठरवून देता येते. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर जीपीयू ०, जीपीयू १ असे दोन्ही दिसतात. आराखडा फिरवत असताना कोणाचा आलेख वर चढतो, हे पाहिले की उत्तर मिळते.

टेबलावरच्या संगणकात चूक याहूनही साधी असते. मॉनिटरची केबल मागे मदरबोर्डच्या खाचेत खोचलेली असते आणि कार्डाच्या खाचा रिकाम्या! केबल कार्डात लावली की बऱ्याचदा प्रश्न मिटतो. दुसरा मॉनिटर मात्र मदरबोर्डला जोडता येतो. त्यासाठी काही संगणकांत बायोसमधील एक पर्याय चालू करावा लागतो. इंटेलच्या ‘क्विक सिंक’सारख्या सोयीमुळे चित्रफितींचे रूपांतरही प्रोसेसरमधील ग्राफिक्सवर सोपविता येते. स्वतंत्र कार्ड तेवढे मोकळे राहते.

खरेदीच्या वेळी आणखी एक बाब पाहावी. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेर एफ हे अक्षर असते, त्यात ग्राफिक्स नसते. म्हणून ते थोडे स्वस्त मिळतात. एएमडीने २०२२ मध्ये आणलेल्या रायझन ७००० मालिकेतील बहुतेक प्रोसेसरांत ते लहान स्वरूपात असते. कारखान्याला ही बचत महागात पडू शकते. कार्ड बिघडून दुरुस्तीस गेले, तर एफ अक्षराचा संगणक पडद्यावर काहीच दाखवू शकत नाही. दोन कारागीर असलेल्या संगणकावर आराखडे तेवढे थांबतात; बिले, पगारपत्रक आणि जीएसटीचे विवरणपत्र त्याच संध्याकाळी पूर्ण होते.