पुड्याच्या मागे काय छापलंय?

पनवेलच्या एसटी स्थानकात कोकणच्या गाडीची वाट पाहताना बिस्किटांचा पुडा घेतला जातोच. बहुतेक जण किंमत आणि तारीख तेवढी बघतात. बाकीचा मजकूर बारीक अक्षरात असतो, आणि गैरसमज तिथूनच वाढतात.

‘हिरवा ठिपका आहे, म्हणजे तब्येतीला चांगलं.’ तो ठिपका पदार्थ शाकाहारी आहे एवढंच सांगतो. साखर, मैदा, पामतेल सगळं शाकाहारीच! अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, म्हणजे एफएसएसएआयचा, १४ अंकी क्रमांकही व्यवसायाच्या परवान्याचा किंवा नोंदणीचा असतो; पदार्थ पौष्टिक आहे असं त्यातून ठरत नाही.

‘ब्राऊन ब्रेड म्हणजे गव्हाचा.’ इथे घटकांची यादी वाचावी. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने छापणं बंधनकारक आहे. पहिलं नाव मैद्याचं असेल, तर पाव मुख्यतः मैद्याचा. तपकिरी रंग कॅरमलचाही असू शकतो (यादीत १५० क्रमांक शोधा). कोकम सरबताच्या बाटलीवरही हीच नजर टाका. कित्येकदा साखर आधी आणि कोकम नंतर सापडतं. आगळात (कोकमच्या घट्ट रसात) साखर नसते खरी, पण मीठ सढळ असतं. रक्तदाब असलेल्यांनी तेही वाचावं.

मिठाचा हिशेब तर सहसा कुणी करतच नाही, कारण पोषणमूल्यांच्या तक्त्यात ‘सोडियम’ लिहिलेलं असतं. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ मिळतं. १०० ग्रॅम फरसाणात ८०० मिलिग्रॅम सोडियम असेल, तर मीठ झालं २ ग्रॅम. दिवसभराचं मीठ ५ ग्रॅमच्या आत ठेवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि हो, तो तक्ता बहुधा १०० ग्रॅमचा असतो, अख्ख्या पाकिटाचा नव्हे.

‘कोलेस्टेरॉलमुक्त’ शेंगदाणा तेलाचं कौतुक नको. वनस्पती तेलात ते जवळपास नसतंच. ‘१०० टक्के फळांचा रस’ हा दावा तर घट्ट रसात पाणी मिसळून केलेल्या पेयांवरून काढा, असं एफएसएसएआयने जून २०२४ मध्ये उत्पादकांना बजावलं.

तारखांचंही तसंच. ‘बेस्ट बिफोर’ उलटली की चव, कुरकुरीतपणा कमी होतो. ‘यूज बाय’ किंवा ‘एक्सपायरी’ उलटली, तर पदार्थ खाऊच नये.

सुट्ट्या मिठाईला मात्र तारीख नसते, असं समजू नका. १ ऑक्टोबर २०२० पासून ती ट्रेजवळ लावणं दुकानदाराला बंधनकारक करण्यात आलं होतं. दिसली नाही तर विचारा. लेबलाबद्दल तक्रार असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.