उंटाची पाण्याची काटकसर : मरुभूमीतील अनुकूलन व खानदेशातील मर्यादा

कच्छ-काठेवाडातील रबारी पशुपालक मेंढ्यांचे कळप चारीत खानदेशात उतरतात, तेव्हा बिऱ्हाड लादलेले उंटही त्यांच्यासोबत असतात. तापीकाठी हा प्राणी त्यामुळे अपरिचित नाही. तथापि त्याच्या मदारीत पाणी साठविलेले असते, हा समज सुशिक्षितांतही आढळतो. मदारीत चरबी असते. तिच्या ज्वलनातून पाणी निर्माण होते हे खरे, परंतु त्यासाठी लागणारा प्राणवायू घेताना कोरड्या हवेत श्वासावाटे तितकेच पाणी खर्ची पडते.

उंटाचे सामर्थ्य साठवणुकीत नसून काटकसरीत आहे. नूट श्मिट-नील्सन यांनी १९५३-५४ मध्ये अल्जेरियातील बेनी अब्बेस येथे केलेल्या अभ्यासातून हे स्पष्ट झाले. तहानलेल्या उंटाचे शरीरतापमान पहाटे सुमारे ३४ अंश, तर दुपारनंतर ४० अंशांवर जाते. दिवसा घाम गाळून देह थंड ठेवण्याऐवजी तो उष्णता अंगात साठू देतो व रात्रीच्या गारव्यात ती सोडून देतो. ५०० किलो वजनाच्या उंटात सहा अंशांची ही वाढ म्हणजे सुमारे २,५०० किलोकॅलरी उष्णता होय. ती घामावाटे घालवावयाची तर चार लिटरांहून अधिक पाणी लागले असते. शरीराच्या वजनाच्या चतुर्थांशाइतके पाणी गमावूनही त्याचे रक्त फारसे दाट होत नाही. पाणी मिळताच तो काही मिनिटांत शंभर लिटरपर्यंत पिऊ शकतो. त्याच्या लंबगोल रक्तपेशी या आकस्मिक बदलातही फुटत नाहीत.

जळगाव-भुसावळचा ४५ अंशांचा कोरडा उन्हाळा अशा देहाला मानवतो. पावसाळ्याचे तसे नाही. वाळूत न रुतणारा रुंद, मऊ तळवा काळ्या मातीच्या चिखलात घसरतो. फैजपूर-रावेरच्या केळीपट्ट्यासारख्या ओलिताच्या शिवारात पाणी मुबलक असते. पण ओल्या मातीत वाढणाऱ्या गोमाश्या सर्रा रोगाचे परजीवी एका जनावरातून दुसऱ्यात नेतात. ग्रिफिथ इव्हान्स यांनी १८८० मध्ये डेरा इस्माईल खान येथे हे परजीवी घोडे व उंट यांच्या रक्तात शोधले होते. या रोगात ताप उलटून उलटून येतो व उंट हळूहळू खंगत जातो. पाहणाऱ्याला तो उपाशी वा तहानलेला वाटतो. मात्र अशा वेळी चारापाणी वाढवून भागत नाही, रक्ततपासणीच करावी लागते.