घड्याळ म्हणतं, बीपी नॉर्मल!

(या भागाचं शब्दांकन. मधले चहाचे घोट आणि शेजारच्यांच्या कुकरच्या शिट्ट्या काढून टाकल्यात.)

गेल्या काही आठवड्यांत इनबॉक्समध्ये एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. "ताई, स्मार्टवॉच घेऊ का? बजेट दोन हजार." कुणाला कॉलेजला मिरवायला हवंय, कुणाला जिमसाठी, आणि बऱ्याच जणांना आईबाबांना भेट द्यायचंय. हा तिसरा प्रकार आला की मी जरा दचकते. कारण तो उद्योग मी स्वतः करून बसलेय.

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत मी बाबांना घड्याळ घेतलं. ऑनलाइन सेलमध्ये, अठराशे रुपयांना. बॉक्सवर भलीमोठी यादी होती: हार्ट रेट, ऑक्सिजन, ब्लड प्रेशर, झोप, स्ट्रेस. बाबा साताऱ्याला असतात, एसटीतून रिटायर झालेत, बीपीची गोळी सात-आठ वर्षं चालू आहे. घड्याळावर ते जाम खूश. रोज सकाळी चहाच्या आधी आईला वाचून दाखवायचे, "एकशे अठरा, शहात्तर. बघ, कसं टकाटक!" दर महिन्याला दवाखान्यात जाऊन बीपी मोजून यायचे, ते हळूहळू बंद झालं. मग गोळी एक दिवसाआड. मग आठवण झाली तर. घरात कुणालाच पत्ता नाही. पुढच्या मे महिन्यात गल्लीत तपासणी शिबिर होतं, तिथे दंडाला पट्टा बांधला तर आकडा आला 172/104. दहा मिनिटं शांत बसवून परत मोजलं, 168/100. आणि मनगटावरचं घड्याळ त्याच वेळी म्हणत होतं, 119/77.

सुदैवाने काही झालं नाही. गोळ्या परत सुरू झाल्या, डॉक्टरांनी बाबांना झापलं, बाबांनी मला फोन करून "घड्याळ खोटं बोलतं गं" असं सांगितलं. पण मला राग माझाच आला. कारण मी ती यादी बघूनच ते घेतलं होतं आणि त्यातलं काय खरं, काय नुसतं छापलेलं, हे एकदाही तपासलं नव्हतं. तर आज तेच करू.

घड्याळ उलटं करा. मागे हिरवा दिवा लुकलुकताना दिसेल. रक्त हिरवा प्रकाश बराच शोषून घेतं. हृदयाचा ठोका पडला की मनगटाच्या बारीक नसांमध्ये रक्त वाढतं, त्यामुळे परत येणारा प्रकाश किंचित कमी होतो. दोन ठोक्यांच्या मध्ये तो किंचित वाढतो. शेजारचा सेन्सर ही चढउतार मोजतो आणि मिनिटाला किती वेळा झाली ते सांगतो. घड्याळाकडे मोजायला आहे ते एवढंच: प्रकाश कमी-जास्त होणं. बाकी सगळं या एका सिग्नलवरून बांधलेला अंदाज.

ठोके मोजण्यासाठी हे झकास चालतं. तुम्ही शांत बसलेले असाल, पट्टा नीट घट्ट असेल, तर स्वस्तातलं घड्याळसुद्धा नाडीचा आकडा बऱ्यापैकी बरोबर देतं. पळताना मात्र गोंधळ होतो. हात हलतो, घड्याळ सरकतं, आणि कधी कधी ते तुमच्या पावलांचा ठेकाच हृदयाचा ठेका समजून बसतं. मनगटावर गडद टॅटू असेल तरी प्रकाश अडतो.

आता बीपी. बीपी म्हणजे रक्ताचा नळीच्या भिंतीवरचा दाब. दंडाचा पट्टा काय करतो? हवा भरून धमनी दाबतो, रक्त थांबवतो, मग हळूहळू सोडतो आणि कुठल्या दाबाला प्रवाह सुरू होतो ते पकडतो. म्हणजे दाब मोजायला तो दाबच देतो. घड्याळाचा दिवा कशालाच दाबत नाही. त्याला नाडीच्या लाटेचा आकार दिसतो, त्यावरून तो दाबाचा अंदाज बांधतो.

हा अंदाज अगदीच फालतू असतो असं नाही. सॅमसंगच्या गॅलेक्सी वॉचमध्ये बीपीची सोय आहे, पण ते आधी दंडाच्या मशीनवर मोजून आकडे भरायला लावतं, आणि दर 28 दिवसांनी परत भरायला लावतं. म्हणजे घड्याळ असलं तरी घरात पट्ट्याचं मशीन लागतंच! हुआवेने वॉच डी नावाचं घड्याळ काढलं, त्याच्या पट्ट्यातच हवा भरणारी पिशवी बसवली. महाग आणि जाडजूड, पण निदान दाब देऊन मोजतं. अठराशेच्या घड्याळात यातलं काहीच नाही. बाबांच्या घड्याळाने सुरुवातीला वय, उंची, वजन विचारलं आणि थेट बीपी सांगायला लागलं.

मी एक प्रयोग केला. तेच घड्याळ काकडीला बांधलं. हसू नका. तिसऱ्या प्रयत्नात काकडीचे ठोके आले 74 आणि बीपी 117/75. माझ्यापेक्षा ठणठणीत काकडी! कारण सोपं आहे. काकडीवरूनही प्रकाश परत येतो, हात थोडा हलतो, खोलीतला उजेड आत शिरतो, आणि त्या खरखरीत कुठे काही लय सापडली की घड्याळ आकडा दाखवून मोकळं होतं. "मला कळलं नाही" असं म्हणायची त्याला सवयच नाही. बॉक्सच्या खालच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं की हे वैद्यकीय उपकरण नाही. ते वाचायला मला बाबांचा चष्मा लागला.

साखरेचं तर विचारूच नका. सुई न टोचता शुगर मोजतो असं म्हणणारी घड्याळं आणि अंगठ्या ऑनलाइन ढिगाने मिळतात. अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी 2024 मध्ये स्पष्ट इशारा दिला की अशा कुठल्याही घड्याळाला किंवा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही. दंडाला चिकटवायचा पॅच असतो, तो वेगळा. त्याची बारीक तार कातडीच्या आत जाते आणि घड्याळ फक्त त्याचा आकडा दाखवतं. पण नुसत्या दिव्याने शुगर सांगणारं घड्याळ बघून कुणी इन्सुलिन कमी-जास्त केलं, तर ते जिवाशी येऊ शकतं. घरात मधुमेहाचं कुणी असेल तर हा भाग त्यांना पाठवा.

ऑक्सिजनबद्दल थोडक्यात. दवाखान्यातला ऑक्सिमीटर बोटाच्या आरपार प्रकाश सोडतो. मनगटात हाडं, स्नायू, आरपार काही जात नाही, त्यामुळे घड्याळ परत आलेल्या प्रकाशावर भागवतं. धाप लागली असेल तर घड्याळात 98 दिसतंय म्हणून थांबू नका.

"मग ताई, अ‍ॅपल वॉचने जीव वाचले म्हणतात ते?" येते तिकडेच. 2018 मध्ये अ‍ॅपलने ईसीजी घेणारं घड्याळ आणलं, भारतात ती सोय 2019 मध्ये सुरू झाली. त्यात दिव्याच्या जोडीला विजेचा सिग्नल वापरतात: दुसऱ्या हाताचं बोट घड्याळाच्या बटणावर ठेवायचं. त्यातून एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाची एक प्रकारची बेताल धडधड, पकडता येते. हार्ट अटॅक ते ओळखत नाही, हे खुद्द अ‍ॅपल सांगतं. स्टॅनफर्ड विद्यापीठाने 4 लाख 19 हजार लोकांवर मोठा अभ्यास केला, तो 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात घड्याळाचा दिवा वापरून अनियमित नाडीची सूचना मिळाली फक्त 0.52 टक्के लोकांना. त्यांतल्या ज्यांनी छातीला पॅच लावून पुढची तपासणी केली, त्यांतल्या 34 टक्क्यांमध्ये ती बेताल लय सापडली. ही लय येते-जाते, त्यामुळे बाकीच्यांच्या सूचना खोट्याच होत्या असंही म्हणता येत नाही. धडधडण्याची तक्रार असेल आणि खिसा परवानगी देत असेल, तर असं घड्याळ डॉक्टरांना दाखवायला चांगली नोंद देतं. ते घड्याळ आणि सेलमधलं घड्याळ दिसतात सारखी, एवढाच त्यांचा संबंध.

आता पावलं. आमच्या ढोल पथकातल्या एका पोराने मला स्क्रीनशॉट पाठवला होता, सरावाच्या एका संध्याकाळची अठरा हजार पावलं. पठ्ठ्या जागेवरून हललाच नव्हता! घड्याळ पाय बघत नाही, ते हाताची हालचाल मोजतं. ढोल वाजवला, पोळ्या लाटल्या, खड्ड्यांतून दुचाकी चालवली की पावलं जमा. उलट भाजीची पिशवी धरून किंवा सुपरमार्केटमधली ट्रॉली ढकलत दोन किलोमीटर चाललात तर अर्धी गायब. आणि तो दहा हजारांचा आकडा कुठल्या डॉक्टरने दिलेला नाही. 1965 मध्ये जपानमधल्या यामासा कंपनीने पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं, नाव 'मानपोकेई', म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. आकडा कानाला बरा वाटला आणि जगभर रुजला. 2019 मध्ये अमेरिकेत सरासरी 72 वर्षांच्या सोळा हजारांहून जास्त बायकांवर अभ्यास झाला. त्यात 4,400 पावलं चालणाऱ्यांचा मृत्यूचा धोका 2,700 वाल्यांपेक्षा बराच कमी दिसला आणि साडेसात हजारांच्या पुढे विशेष फरक दिसला नाही. म्हणून रात्री साडेअकराला आकडा पुरा करायला हॉलमध्ये येरझाऱ्या घालू नका. कालच्यापेक्षा आज थोडं जास्त चाललो का, एवढं बघायला घड्याळ पुरेसं आहे.

मग घ्यायचं का? रोजच्या वापरासाठी, हो, पण ज्या गोष्टी जाहिरातीत शेवटी येतात त्यांच्यासाठी. हॉस्टेलच्या खोलीत चौघी असताना मनगटावर थरथरणारा अलार्म, कुणाची झोप न मोडता आपण उठतो, हे मी दोन वर्षं वापरलंय. दुचाकीवर फोन खिशात असताना कुणाचा कॉल आहे ते कळतं, थांबून उचलायचा की नाही ठरवता येतं. लोकलच्या गर्दीत फोन बाहेर काढावा लागत नाही. या सगळ्याला दीड-दोन हजारांचं घड्याळ किंवा साधा बँड पुरतो. सिंहगडावर पळायला जाणार असाल आणि फोन घरी ठेवायचा असेल, तर आतमध्ये स्वतःचं जीपीएस आहे का ते विचारा. स्वस्तातली बहुतेक घड्याळं फोनचंच जीपीएस वापरतात.

खर्च फक्त घेतानाचा नसतो. ब्लूटूथ कॉलिंग चालू ठेवलं की सात दिवसांची बॅटरी दोन-तीन दिवसांवर येते. चार्जर प्रत्येक घड्याळाचा वेगळा, लोहचुंबकाने चिकटणारा, आणि तो एसटीत राहिला की शोधत बसा. अ‍ॅप कॉन्टॅक्ट आणि कॉल लॉग मागतं. कॉल दाखवायला ते लागतं, पण लोकेशन कायम चालू ठेवायची गरज नाही, ते बंद करा.

आणि आईबाबांना भेट द्यायची असेल तर माझं ऐका. त्याच दोन हजारांच्या आसपास दंडाला बांधायचं डिजिटल बीपी मशीन येतं. दिसायला कंटाळवाणं, रील होत नाही, पण ते घ्या. पहिल्यांदा दवाखान्यात नेऊन डॉक्टरांच्या मशीनशी ताडून बघा.

बाबांकडे आता तेच मशीन आहे, टीव्हीच्या खाली, वहीसकट. घड्याळ त्यांनी टाकलं नाही. रात्री साडेआठला ते थरथरतं आणि बाबा गोळी घेतात, तो अलार्म मीच लावून दिलाय. बीपीचं पान स्क्रीनवरून काढता येईल का, ते मी बराच वेळ शोधलं. त्या मॉडेलमध्ये नाही काढता येत. आई म्हणते, त्यावर बाबांनी अजून एकदा बोट फिरवलं की त्यांना काकडीची आठवण करून देते.

तुमच्या घरातल्या घड्याळाने काय काय सांगितलंय ते कळवा, काकडीचे आकडेसुद्धा चालतील. भेटू पुढच्या शनिवारी.